ओठ मिटलेले, दात सुटे

माझं काम तोंडांशी, माणसांशी नाही.
वरच्या मजल्यावरून डॉक्टर विल्दाना ठसे पाठवते,
मी तळघरात त्यांत प्लास्टर ओततो,
अर्ध्या तासाने एक जबडा हाती येतो,
त्याच्या बुडाशी पेन्सिलने नाव लिहितो.

तुझ्लात तीस वर्षं हेच.
या शहराच्या पोटातलं मीठ इतकं उपसलं
की वरची घरं हळूहळू खचली,
दारं चौकटीत बसेनात.
त्यामुळे झीज मला ओळखू येते.

या जबड्याचे सुळे आता सुळे नाहीत.
दाढांच्या टेकड्या बशीसारख्या सपाट,
उजवीकडची खालची एक उभी चिरलेली.
सोबत चिठ्ठी: हिदायेता, वय एकसष्ट.
झोप चांगली लागते म्हणतात.

लागत असेल. नवरा असता
तर त्याने काही वेगळं सांगितलं असतं.
सांगितलं ते भाडेकरूने.
आयदिन, खाणकाम शिकणारा सभ्य मुलगा:
मावशी, रागावू नका, पण पहाटे तीनला
कॉफी दळता, ती जरा उजाडल्यावर दळलीत तर...
तिने फळीवरची पितळी दळणी काढून दाखवली.
दांडा कधीचा मोडलेला.
दोघंही दळणीकडे बघत राहिले.

हे मला तिनेच सांगितलं.
दवाखाना जेवायला बंद होता,
ती जिना उतरून खाली आली
आणि माझ्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर.

जानेवारी होता. द्रिनाच्या वरच्या अंगाला,
लाकडांच्या खोपटात, फळ्यांखाली, तीन रात्री.
वर बूट.
भीतीला आवाज नसतो हो, ती म्हणाली,
आवाज थंडीला असतो.
दात वाजायला लागले,
कुणीतरी आतून दार ठोठावावं तसे.
मग मी ते मिटले.
धाकट्या बहिणीचेही मिटले, हनुवटीखाली हात घालून.

लोक म्हणतात, कुणावर दात धरू नये.
हिने कुणावर धरले नाहीत.
वरच्यांनी खालच्यांना धरलं,
खालच्यांनी वरच्यांना,
आणि सोडा, असं सांगायला
इतक्या वर्षांत कुणी आलं नाही.

मी जबड्यावरची धूळ फुंकली.
बहिणीचं पुढे काय झालं, ते तिने सांगितलं नाही.
एवढंच, की कचेऱ्यांतून दाताच्या कण्या केल्या,
आणि तिथल्या माणसाने अगदी अदबीने विचारलं,
बहिणीच्या दातांची काही नोंद आहे का,
एखादी भरलेली दाढ, एखादा ठसा.
आमच्या गावात दंतवैद्यच नव्हता, ती म्हणाली.
आणि हसली. हसताना दात दिसले नाहीत.

विल्दाना सगळ्यांना एकच सांगते:
दिवसा लक्ष ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे.
भांडी घासताना, बसची वाट बघताना,
ओठ मिटलेले, दात सुटे.
हिदायेता म्हणाली, डॉक्टर, ओठ मिटायचं
मला शिकवू नका.
दुसरं तेवढं शिकवा.

पहिलं कवच मी दोन मिलिमीटरचं केलं होतं.
आठ महिन्यांत परत आलं,
उजवीकडे आरपार भोक,
कडा गुळगुळीत, जणू पाण्याने केलेलं.
मी ते दिव्यासमोर धरलं.
एवढ्या वर्षांत माझ्या कामातून
कुणी असं निघून गेलं नव्हतं.

दुसरं केलं. तीनचं.
घासता घासता लक्षात आलं,
माझीच कानशिलं ठणकतायत.
ओठ मिटलेले. बाकीचं
मी मोजलं नाही.

ती आली, आरशासमोर कवच बसवलं.
काहीतरी बोलून बघा, मी म्हणालो.
हे मी सगळ्यांना म्हणतो. लोक आकडे म्हणतात,
सहा, सात, साठ,
कुणी हवेबद्दल बोलतं.
तिने एक नाव घेतलं.
त्यातला स जरा बोबडा आला.

काठ अजून थोडा उतरवावा लागेल,
मी म्हणालो,
आणि कानस हातात घेतली.